मिशी, जबडा आणि अंगातली संप्रेरकं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचं हे लिखित रूप. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवता येईल.)



आज आपण पुरुषांच्या चेहऱ्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका, विषय कामाचा आहे. आपल्याकडे माणसाच्या चेहऱ्यावरून किती गोष्टी ठरवल्या जातात बघा. स्थळ बघायला गेलं की म्हणतात, "पोरगा कसा रांगडा आहे, जबडा बघा, मिशी बघा." एखाद्याला दाढी कमी आली की मागून कुजबुज सुरू. कुणी बायकोवर हात उगारला तर शेजारीपाजारी सांगतात, "त्याचा चेहराच तापट, अंगात गरमी फार." आणि लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तर सगळ्यांचं बोट सुनेकडे. कारण मुलगा तर दिसायला धडधाकट, भरघोस मिशीचा!

यात थोडं खरं आहे आणि बरंच खोटं आहे. खरं कुठं संपतं आणि खोटं कुठं सुरू होतं, ते कळलं तर पुष्कळ बायकांचा छळ वाचेल आणि पुष्कळ पोरांची लाजही वाचेल. म्हणून हा विषय घेतला.

गोऱ्हा, बैल आणि कोंबडा

आधी खरा भाग बघू. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या गोठ्यातच आहे तो.

एकाच गाईचे दोन गोऱ्हे घ्या. एक खच्ची केला, दुसरा वळू म्हणून ठेवला. दोघांचा चारा एक, पाणी एक. तरी दोन-तीन वर्षांनी दोघं सारखे दिसतात का? वळूचा माथा रुंद होतो, मान जाड होते, वशिंड मोठं होतं. फार लहानपणी खच्ची केलेल्या बैलाची मान तशी भरत नाही. म्हणजे अंडकोशातून शरीराला काहीतरी मिळत असतं आणि त्यानं अंगाची ठेवण बदलते. शेतकऱ्याला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. पण ते 'काहीतरी' म्हणजे काय?

जर्मनीत गॉटिंगेन गावी बर्टहोल्ड नावाचे एक अभ्यासक होते. त्यांनी 1849 साली सहा तरण्या कोंबड्यांवर प्रयोग केला. कोंबड्यांचे अंडकोश काढले. ज्यांचे काढून टाकले, त्यांचा तुरा खुरटला, आरवणं बंद झालं, भांडणं थांबली. काही कोंबड्यांच्या मात्र पोटात दुसऱ्याच जागी अंडकोश बसवला. त्यांचा तुरा लालभडक वाढला आणि ते आरवायलाही लागले. त्या अंडकोशाचं पूर्वीच्या नसांशी काही नातं उरलं नव्हतं. मग हा निरोप तुऱ्यापर्यंत गेला कसा? रक्तातून.

रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा द्रव्यांना आपण संप्रेरकं किंवा हार्मोन म्हणतो. अंडकोशातल्या मुख्य संप्रेरकाचं नाव टेस्टोस्टेरॉन. ते शुद्ध रूपात हाती यायला 1935 साल उजाडलं. नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅम शहरातल्या शास्त्रज्ञांनी बैलांचे 100 किलो अंडकोश घेतले, तेव्हा कुठे त्यातून 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन निघालं. चिमटीभर मिठापेक्षाही कमी. इतक्या थोड्या द्रव्यात एवढी ताकद!

एक गोष्ट इथंच सांगते. टेस्टोस्टेरॉन बाईच्याही अंगात असतं. ते बीजकोशांत आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होतं. प्रौढ पुरुषात ते बाईपेक्षा दहापटीहून जास्त असतं, एवढाच फरक. आणि बाईचं म्हणून ओळखलं जाणारं इस्ट्रोजेन पुरुषाच्या अंगातही असतं. ते काय काम करतं, तेही बघू.

पोराचा चेहरा बदलतो कधी?

आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि त्याच वयाचा मुलगा यांचे केस सारखे कापले, तर नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणं अवघड जातं. खरा फरक पडतो वयात येताना. मुलाचे अंडकोश साधारण 9 ते 14 वर्षांच्या दरम्यान वाढायला लागतात. मग टेस्टोस्टेरॉन वाढतं. आवाज फुटतो, मिसरूड येतं, उंची झपाट्यानं वाढते. त्याच काळात चेहऱ्याची हाडंही वाढतात. खालचा जबडा लांब आणि रुंद होतो, हनुवटी पुढे येते, भुवयांच्या वरचं हाड थोडं उचलतं, नाक मोठं होतं. मुलींच्या चेहऱ्याची वाढ बहुतेक पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आटोपते. मुलांचा जबडा अठरा-वीस वर्षांपर्यंत वाढत राहतो. म्हणून दहावीतला कोवळा पोरगा कॉलेज संपवून आला की ओळखू येत नाही.

हे टेस्टोस्टेरॉनमुळेच होतं का, याची परीक्षाही झाली आहे. काही मुलं उशिरा वयात येतात. अशा काही मुलांना बेल्जियममधल्या डॉक्टरांनी थोड्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन दिलं आणि त्यांच्या कवटीची, जबड्याची मापं घेतली. औषध मिळालेल्या मुलांचा जबडा वेगानं वाढला. हा अभ्यास 1999 साली छापून आला.

हाडांची वाढ थांबवायचं काम मात्र मुख्यतः इस्ट्रोजेन करतं, पुरुषातसुद्धा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1994 साली एका 28 वर्षांच्या माणसाची हकिगत प्रसिद्ध केली. जन्मतःच्या दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोप ऐकूच येत नव्हता. त्याचं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, पण उंची 204 सेंटिमीटर झाली होती आणि हाडं अजून वाढतच होती. म्हणजे 'पुरुषाचं' आणि 'बाईचं' अशी संप्रेरकांची वाटणी आपण करतो. शरीर तशी करत नाही.

आणि सगळं काही संप्रेरकांवरच ठरतं, असंही नाही. जबड्याची ठेवण आईबापाकडून येते, आजोबांकडून येते. लहानपणीचं खाणं, दातांची रचना, वजन, सगळ्याचा वाटा असतो. अंगावर चरबी चढली की तोच चेहरा रुंद आणि गोल दिसतो.

विहिरीचं बांधकाम आणि विहिरीतलं पाणी

आता अडचणीची जागा आली. वयात येताना टेस्टोस्टेरॉननं जबडा घडवला, हे खरं. मग मोठ्या माणसाचा जबडा बघून आज त्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन किती, हे सांगता येईल का?

विहिरीचं उदाहरण घ्या. विहीर किती रुंद बांधली, ते लांबून दिसतं. आज तिच्यात पाणी किती, हे आत डोकावल्याशिवाय कळत नाही. पाणी पावसाळ्यात वर येतं, एप्रिलमध्ये तळाला जातं, मोटर चालवली की संध्याकाळपर्यंत उतरतं. बांधकाम मात्र तेच. चेहऱ्याची हाडं म्हणजे बांधकाम. संप्रेरक म्हणजे पाणी.

तरुण पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत बरंच उतरतं. आजारपणात कमी होतं, झोप मोडली की कमी होतं, वजन फार वाढलं की कमी होतं. म्हणूनच डॉक्टर ही तपासणी सकाळी करायला सांगतात आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतात. ज्याचा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो, तो न बदलणाऱ्या हाडावरून कसा सांगणार?

फिलिपिन्स देशातल्या सेबू भागातला एक अभ्यास ऐका. तिथं 2005 साली 624 तरुणांचं टेस्टोस्टेरॉन मोजलं आणि 2009 साली पुन्हा मोजलं. मधल्या काळात जे बाप झाले होते, त्यांचं टेस्टोस्टेरॉन बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलं होतं. आणि बापांमध्येही जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ लेकरांचं करत होते, त्यांचं सर्वांत कमी होतं. यात त्यांचं काही बिघडलं नव्हतं. मूल सांभाळणाऱ्या बापाचं शरीर त्या कामाला जुळवून घेतं. त्या बापांचे जबडे काही या चार वर्षांत लहान झाले नव्हते!

तेव्हा कुणी म्हणालं, "पोरं सांभाळणं मर्दाचं काम नाही," तर त्यांना हे सांगा. बाप झालेल्या पुरुषाचं शरीरच त्या कामासाठी तयार होत असतं.

दाढी कमी, म्हणजे काही कमी?

दाढीचंही तसंच. दाढी यायला टेस्टोस्टेरॉन लागतं, पण वयात आल्यावर दाढी किती दाट होणार, हे केसांची मुळं त्या निरोपाला किती दाद देतात यावर ठरतं. ते येतं घराण्यातून. खत एकच टाकलं तरी एका रानात ज्वारी दाट येते, दुसऱ्यात विरळ. दोन सख्ख्या भावांत एकाची दाढी छातीपर्यंत, दुसऱ्याला हनुवटीवर चार केस, आणि दोघांचंही टेस्टोस्टेरॉन अगदी व्यवस्थित, असं असू शकतं. नुसती दाढी विरळ असणं हा आजार नाही. आवाज फुटलेला आहे, बाकीची वाढ नीट आहे, तर त्या पोराला चिडवू नका आणि चिडवू देऊ नका.

जबड्यावरून स्वभाव?

चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव सांगायचा मोह जुना आहे. इटलीतले लोंब्रोसो नावाचे डॉक्टर 1876 साली म्हणाले, की जन्मजात गुन्हेगार मोठा जबडा आणि पुढे आलेल्या भुवयांवरून ओळखता येतो. पुढे इंग्लंडमधल्या तुरुंगातले डॉक्टर गोरिंग यांनी तीन हजारांवर कैद्यांची मापं घेतली आणि 1913 साली जाहीर केलं, की गुन्हेगाराची अशी वेगळी घडण आढळत नाही.

तरी गोष्ट थांबली नाही. कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी 2008 साली बर्फावरच्या हॉकीच्या खेळाडूंचे चेहरे मोजले. उंचीच्या मानानं रुंद चेहऱ्याचे खेळाडू जास्त धसमुसळेपणा करतात आणि जास्त दंड ओढवून घेतात, असं त्यांना दिसलं. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पण 2016 साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा चेहऱ्याची रुंदी आणि टेस्टोस्टेरॉन यांचा संबंध सापडला नाही. आणि 2017 साली 1 लाख 37 हजारांहून अधिक लोकांचे चेहरे आणि त्यांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं ताडून पाहिली, तेव्हा चेहऱ्याच्या रुंदीवरून स्वभाव सांगता येत नाही, असंच निघालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. "त्याच्या अंगात गरमीच फार, तो तरी काय करणार," हे मारहाणीचं कारण होऊ शकत नाही. तोच माणूस सरपंचापुढे, सावकारापुढे, पोलिसापुढे हात उचलतो का? तिथं त्याला राग आवरता येतो. मग घरात आवरत का नाही? हात उगारणं हा त्याचा निर्णय असतो. जबड्याच्या आड तो लपवू देऊ नका. अशा वेळी महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112 आहे. हे दोन आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मूल होत नाही, तपासणी कुणाची?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुरुषाचा चेहरा कितीही रुबाबदार असला, मिशी कितीही पिळदार असली, तरी त्यावरून त्याला मूल होईल की नाही हे कळत नाही. कारण अंडकोशात दोन वेगवेगळी कामं चालतात. काही पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि ते रक्तात सोडतात. शुक्रजंतू मात्र बारीक नळ्यांमध्ये तयार होतात. पहिलं काम उत्तम चाललेलं असतानाही दुसरं बंद असू शकतं. नळीची वाट बंद असेल, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोशाला सूज आलेली असेल, अंडकोशावरच्या शिरा फुगलेल्या असतील, जन्मतः काही दोष असेल. अशा माणसाची दाढी, आवाज, ताकद, नवरा-बायकोचा संबंध, सगळं ठीक असतं. दोष बाहेरून कुठंच दिसत नाही.

समजा, एक सून आहे. लग्नाला पाच वर्षं झाली. तिच्या सोनोग्राफ्या झाल्या, नळ्यांची तपासणी झाली, उपास झाले, नवस झाले, अंगारे झाले. दुसरी बायको करायची भाषा सुरू झाली. आणि नवऱ्याची एकही तपासणी नाही. अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आणि खरं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जायचं. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. नवऱ्याची वीर्य तपासणी सुरुवातीलाच करायची. ती बाईच्या तपासण्यांपेक्षा स्वस्त आहे, सोपी आहे, तिच्यात सुई नाही, कापाकापी नाही. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नसतो. अहवाल चांगला आला नाही तर घाबरायचं नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. मधे ताप, आजार झाला असेल तर आकडा उतरतो. म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात. बऱ्याच कारणांवर उपाय असतो.

सासूबाई, हे तुम्हालाही सांगणं आहे. तुमच्या लेकाची तपासणी म्हणजे त्याचा अपमान नव्हे. तुम्हाला नातवंड हवं असेल, तर तोच जवळचा रस्ता आहे.

ताकदीची इंजेक्शनं

हल्ली तालुक्याच्या गावी व्यायामशाळा झाल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण काही ठिकाणी पोरांना लवकर अंग भरावं, चेहरा उठावदार दिसावा म्हणून टेस्टोस्टेरॉनची किंवा तशाच औषधांची इंजेक्शनं, गोळ्या दिल्या जातात. यातली मेख ऐका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, अंगात भरपूर झालं. मग तो अंडकोशाला काम थांबवायला सांगतो. शुक्रजंतू कमी होतात, कधी शून्यावर येतात. अहो, जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाची चाचणी पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून केली होती! तिचे निष्कर्ष 1990 साली छापून आले.

म्हणजे मर्दानी दिसण्यासाठी घेतलेल्या औषधानं बाप होण्याची वाटच बंद होते. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्याला कित्येक महिने लागतात. शिवाय वीस वर्षांच्या पोराचा जबडा या औषधानं पुन्हा घडत नाही. मुरुमं येतात, टक्कल पडतं, रक्त घट्ट होतं, छाती बायकांसारखी वाढू शकते. घरात अशी बाटली, सुई दिसली तर पोराला ओरडण्याआधी जवळ बसवून हे समजावून सांगा आणि डॉक्टरांकडे न्या.

चेहरा खरंच काही सांगतो, तेव्हा

चेहऱ्यावरून माणसाची किंमत करायची नाही. पण चेहरा *बदलला*, तर लक्ष द्यायचं. या चार खुणा ध्यानात ठेवा. त्यातल्या पहिल्या तीन बाई आणि पुरुष दोघांतही दिसतात.

एक. मोठ्या वयात जबडा पुढे येतोय, दातांमध्ये फटी पडल्या, नाक-ओठ जाड झाले, बोटातली अंगठी निघेना, चपलेचा नंबर वाढला. सोबत डोकेदुखी, घाम, कधी साखर वाढलेली. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होऊन वाढीचं संप्रेरक जास्त होतं, तेव्हा असं घडतं. हे हळूहळू होत असल्यामुळे घरातल्यांच्या लक्षात येत नाही. जुना लग्नातला फोटो शेजारी धरून बघा.

दोन. चेहरा चंद्रासारखा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र बारीक. गुडघेदुखीसाठी, दम्यासाठी कुठली पुडी किंवा गोळी महिनोन् महिने चालू आहे का ते विचारा. त्यात स्टेरॉइड असू शकतं. हे स्टेरॉइड व्यायामशाळेतल्यापेक्षा वेगळं. पण ते एकदम बंद करू नका, त्यानं जिवाला धोका होऊ शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

तीन. चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांखाली फुगलेला, सतत थंडी, आळस, आवाज घोगरा. थायरॉइडची तपासणी करून घ्या.

चार. मुलाला 14 वर्षं पूर्ण झाली तरी वयात येण्याची काहीच खूण नाही, किंवा सुरू झालेली वाढ मधेच थांबली. पुष्कळदा तो घराण्यातलाच उशीर असतो. कधी मात्र उपचाराची गरज असते आणि ते वेळेवर झाले तर फायदा होतो. आशाताईंना विचारा. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथं मुलाला मोकळेपणानं बोलता येतं.

मैत्रिणींनो, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आपण म्हणतो आणि तरी चेहऱ्यावर भुलतो. पुढच्या बैठकीत एवढं करा. गावात कुणा सुनेवर मूल होत नाही म्हणून बोट दाखवलं जात असेल, तर तिच्या घरी दोघी-तिघी जा आणि एकच प्रश्न विचारा: "मुलाची तपासणी झाली का?" कुणाला वाईट न वाटेल अशा बेतानं विचारा, पण विचाराच.